कुंकू लागलेलं नाणं

माझ्या संग्रहातलं एकही नाणं खरं नाही. हे मी कोणी विचारायच्या आधीच सांगते, कारण विचारणाऱ्यांचा सूर आता मला पाठ झाला आहे. सगळ्या प्रतिकृती आहेत, तांब्या-पितळेच्या, काहींवर सोनेरी मुलामा. त्यात किल्ल्यांवरच्या लढायांच्या काळातला होन आहे. युद्धात तांब्याची टंचाई झाली म्हणून मधोमध भोक पाडून काढलेला महायुद्धाच्या काळातला पैसा आहे. आणि देशानं लढलेल्या युद्धांची आठवण म्हणून निघालेली नाणी आहेत, त्यांच्याही नकला. अस्सल होन घ्यायची माझी ऐपत नाही, आणि तो तिजोरीत ठेवून झोप उडवून घ्यायची हौसही नाही. मला नाणं हातात घ्यायचं असतं.

सौंदडजवळच्या आमच्या गावात शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात एका नाण्याचं धुरकट चित्र होतं. गुरुजी म्हणायचे, "याला दुसरी बाजूही असते बरं." ती बाजू पुस्तकात नव्हती. बी.ए. होऊन गोंदियात एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले, तेव्हा ती पहिल्यांदा पाहिली, एका प्रतिकृतीवर. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. आईनं दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत, चिखलात वाकून रोपांची रोवणी केली, म्हणून मी पुस्तकांच्या कपाटांमध्ये बसून पगार घेते. हे मी विसरत नाही. पण एकदा, थोडा वेळ, विसरले होते. तेच सांगायचं आहे.

आई आता माझ्याजवळ, गोंदियाला लागूनच्या कुडव्याला राहते. तिला एकच भाऊ होता. तो फौजेत होता आणि माझ्या जन्माच्या आधीच्या युद्धात गेला. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची. देह आला नाही, कागद आला. फोटो एकच होता, तो वाळवीनं खाल्ला. मामाचा चेहरा मी पाहिलेला नाही, आणि आईलाही तो नीट आठवत नाही. हे ती कबूल करते, पण रागानं. भाऊ नसलेल्या बायका करतात तसं दर भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. बीजेची कोर दिवेलागणीला दिसते आणि बघता बघता झाडांमागे जाते. त्या संध्याकाळी आईची नुसती धावपळ. आभाळात ढग असले तर ताट तसंच घरात परत यायचं.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आठवड्यात मी मागवलेल्या एका प्रतिकृतीचं पार्सल आलं. त्यातल्या नाण्यावर बंदूक घेतलेला सैनिक होता, मागे रणगाडा. आईनं ते डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"हा कोन व्हय वो?"

"कोणी नाही आई. सैनिक. कोणताही."

"कोनताई म्हंजे? त्याले माय-बहीन नसन का?"

मी हसले आणि विषय विसरून गेले. भाऊबीजेला फुलचूरला चुलतभावाला ओवाळून परत आले, तर आई पाटासमोर बसलेली. पाटावर तांब्याला टेकवून नाणं उभं केलेलं. निरांजन, सुपारी, तांदूळ, सगळं जिथल्या तिथं. ओलं कुंकू सैनिकाच्या कपाळावरून पार बुटांपर्यंत ओघळलेलं.

नाणी जमवणाऱ्यांचा पहिला नियम म्हणजे नाणं कडेनं धरायचं, बोटाचा ठसासुद्धा उमटू द्यायचा नाही. मी ओरडलेच.

"काय करून राहिली आई! खराब झालं ना नाणं!"

"नकली हाय म्हनतेस ना?"

"हो, पण..."

"मंग नकलीचं काय खराब होते? चांद काय माया सख्खा भाऊ होता? त्याले पन्नास साल ओवाळलं, तवा तू काऊन नाई बोलली?"

मान वळवून पाहिलंसुद्धा नाही तिनं. ताट पुन्हा गोल फिरवलं. त्या वर्षी आभाळात ढग होते, पण तिला बाहेर डोकवायची गरज पडली नाही. पुढच्या वर्षीही तसंच झालं. कुंकू रेघारेघांत जाऊन बसलं.

मागच्या हिवाळ्यात गोंदियात एका सभागृहात नाण्यांचं प्रदर्शन भरलं. दहा वर्षं मी अशा ठिकाणी लोकांच्या मागे उभी राहून काचेतून पाहत आले होते. यावेळी अर्ज केला, सगळ्या प्रतिकृती आहेत असं स्पष्ट लिहून, आणि कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं. काचेखाली पहिल्यांदाच माझी नाणी असणार होती. दुपारी आई यायची होती. तिनं दोन दिवस आधीच साडी काढून ठेवली होती.

ती यायच्या थोडं आधी आयोजकांपैकी एक ज्येष्ठ संग्राहक सगळ्या टेबलांवरून फिरत माझ्याकडे आले.

"अरे मैडम, पूरा टेबल नकली?"

"हो सर. प्रत्येकाजवळ तशी चिठ्ठी आहे."

"चलो ठीक है, बच्चे लोग देख लेंगे." मग त्यांचं बोट थांबलं. "ये क्या है? ये सिक्का है कि पूजा की थाली?"

शेजारच्या टेबलावरचे दोघं हसले. गृहस्थ वाईट नव्हते. स्वतःच्या पेटीतून त्यांनी कापूस काढला, छोटी बाटली काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "नकली तो है ही, कम से कम साफ तो रखो. नहीं तो इसको हटा दो, बाकी रहने दो."

आणि मी कापूस घेतला. हे लिहायला मला आवडत नाही, पण घेतला. दोन-तीनदा घासलं. कापूस लाल झाला आणि सैनिकाचं कपाळ स्वच्छ, पिवळं चकचकीत निघालं. तो खरोखरच कोणताही सैनिक दिसायला लागला. माझा हात थांबला.

"सर, हे मी साफ करणार नाही."

"हो तो रहा है!"

"होतंय. पण मी करणार नाही. आणि हटवणारही नाही."

"मैडम, नियम सबके लिए एक है."

"मग नियमात तसं लिहा ना, की युद्धाचं नाणं चालेल, पण युद्धात गेलेल्याची बहीण चालणार नाही. लिहून द्या, मी टेबल उचलते."

"आप तो बुरा मान गईं," ते म्हणाले. मी म्हटलं, हो, मानलं. त्यांनी काही लिहून दिलं नाही आणि ते मागेही हटले नाहीत. टेबल उठा लीजिए, एवढंच म्हणाले. मी होन उचलला, भोकाचा पैसा उचलला, सगळी नाणी एकेक करून डब्यात ठेवली. सवयीनं, कडेनं धरून.

पायऱ्या उतरले तर आई ऑटोतून उतरत होती.

"झालं का वो पर्दर्शन?"

"आपलं नाही झालं." तिथंच पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. तिनं डबा उघडायला लावला आणि ते नाणं बरोबर शोधून काढलं.

"याचं कुकू कोनं पुसलं?"

"मीच."

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं नाणं उन्हात धरलं, अंगठा त्या चकचकीत जागेवरून फिरवला. "अर्दंच पुसलं," म्हणाली. "राहू दे. भाऊबीज काय येत नाई?"

यंदा भाऊबीजेला ते कपाळ पुन्हा लाल झालं. आईनं केलं, मी ताट धरून बाजूला बसले.

यंदाच्या प्रदर्शनाचा अर्जही मी परवा भरला, त्याच सभागृहाचा, त्याच आयोजकांकडे. त्यात नाण्याची 'अवस्था' असा एक रकाना असतो. उत्तम, मध्यम, झिजलेलं, असं काहीतरी तिथं लिहितात. मी लिहिलं: 'प्रतिकृती. कुंकू लागलेलं. तसंच राहील.'

टेबल मिळेल की नाही, माहीत नाही. आईनं साडी काढून ठेवली आहे.