मामांनी शाळा बुडवली

माझ्या मुली शाळेत जात नाहीत. हे वाक्य मी आमच्या विरारच्या सोसायटीत पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा लिफ्टमध्ये चार माणसं होती. चौघांनीही मुलींकडे असं पाहिलं, जणू त्यांना गोवर आलाय. आता थोरली अकरा वर्षांची आहे आणि धाकटी आठ. दोघी घरीच शिकतात. म्हणजे मी शिकवते. म्हणजे खरं सांगायचं तर आम्ही तिघी मिळून काहीतरी शोधत असतो आणि त्यात अधूनमधून गणित सापडतं. "कितवीत आहेस गं?" हा प्रश्न रोज कुणीतरी विचारतंच. थोरली शहाण्यासारखी "पाचवीचं करतेय" म्हणते. धाकटी "तिसऱ्या मजल्यावर" म्हणते आणि निघून जाते.

नवरा सातिवलीला एका छोट्या कारखान्यात मशिनरी सांभाळतो. मुलींना घरी शिकवायची कल्पना मी मांडली तेव्हा त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली, "माझ्या आईला तू सांगायचंस."

मी ती अट मान्य केली आणि पुढे दोन वर्षं पाळली नाही. सासूबाई साताऱ्याकडे गावी राहतात. त्यांचा फोन रविवारी यायचा. "पोरींचा अभ्यास कसा चाललाय?" असं विचारायच्या, मी "छान चाललाय" म्हणायचे. यात खोटं काहीच नव्हतं. शाळेचा विषय निघाला की माझा कुकर लगेच शिट्टी द्यायचा. पण एका रविवारी फोन धाकटीने उचलला. सासूबाईंनी कौतुकाने विचारलं, "तुमच्या बाई कशा आहेत गं?"

"आत्ता आंघोळीला गेल्यात," धाकटी म्हणाली.

मी बाथरूममधून बाहेर आले तोवर सगळं उलगडलं होतं. सासूबाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्या फक्त म्हणाल्या, "दादाला पाठवते. तो बघेल आणि मग ठरवू."

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, माझे मामासासरे. निवृत्त मुख्याध्यापक. छत्तीस वर्षं शाळेत काढलेली. आमच्या लग्नात त्यांनी भटजींचा एक उच्चार सुधारला होता आणि भटजींनी निमूटपणे तो मंत्र पुन्हा म्हटला होता. ते पंधरा दिवसांसाठी येणार होते.

मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी शाळा काढली. हॉलमधला सोफा भिंतीला सरकवला, दोन बाकांसारखी दोन स्टुलं लावली, फळा टांगला, चार्ट पेपरवर वेळापत्रक लिहून डकवलं. नागरिकशास्त्रसुद्धा घातलं. देव्हाऱ्यातली घंटा तासांसाठी बाहेर काढली. निळे फ्रॉक दोघींकडेही होते, ते गणवेश झाले. हजेरीपट आणला. थोरलीने विचारलं, "आई, आम्ही दोघीच तर आहोत. कोण आलंय ते तुला दिसत नाही का?"

"पंधरा दिवस गप्प बसायचं," मी म्हटलं.

मामा आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी घंटा वाजवली. प्रार्थना झाली, हजेरी झाली. मामा कोपऱ्यातल्या खुर्चीत ताठ बसून होते. मी नागरिकशास्त्राचा धडा मोठ्याने वाचत होते आणि मुली माझ्याकडे अशा बघत होत्या, जणू त्यांची आई कुणीतरी बदलून नेली आहे. एरवी त्या वेळेला आम्ही गॅलरीत बसून वाटाणे सोलत अपूर्णांक करत असतो, नाहीतर बसमध्ये असतो. मामा मधूनमधून मान हलवत होते. मला वाटलं, जिंकलं.

शाळेच्या दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या तासाला धाकटीने एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. रजेचा अर्ज. "माननीय बाईंस, माझी आई फार बदलली आहे. त्यामूळे मला बरं वाटत नाहि. तरी एक दिवसाची रजा मिळावी. आपली आज्ञाधारक." मी डोळे वटारले आणि कागद पुस्तकाखाली सरकवला. मामा उठले, त्यांनी तो कागद काढून घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला. लाल पेनाने "त्यामूळे" आणि "नाहि" दुरुस्त केलं. मग खाली सही केली आणि लिहिलं, "कारण समाधानकारक."

मी हसायला हवं होतं. पण मी इतकी घाबरलेली होते, की मला वाटलं, ही माझ्यावरची पहिली लाल रेघ आहे. रजा नामंजूर करून मी भूगोल सुरू केला.

चौथ्या दिवशी दळण आणायला मी खाली गेले. गिरणीत गर्दी नव्हती, वीस मिनिटांत परतले. दार लोटलेलं, हॉल रिकामा. फळ्यावर वळणदार, मुख्याध्यापकी अक्षरात लिहिलं होतं, "दोन विद्यार्थिनी व एक माजी मुख्याध्यापक आज गैरहजर राहतील. शोधू नये."

मामांचा फोन टेबलावर चार्जिंगला. आधी मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते. आधी मला बरं वाटलं. मी चहा केला आणि चार दिवसांत पहिल्यांदा पाय वर घेऊन बसले. अर्धा कप संपला तेव्हा लक्षात आलं, की सत्तरी ओलांडलेला एक माणूस, ज्याला विरारचा एकही रस्ता ठाऊक नाही, माझ्या दोन मुलींना घेऊन कुठेतरी गेला आहे. मी चपला घालून खाली धावले.

वॉचमन म्हणाला, "आजोबा रिक्षात बसले ना दोघींना घेऊन. मोठी 'आगाशी आगाशी' करत होती."

मग मला कळलं. आगाशीला एक केळीवाल्या काकू आहेत. वाडी त्यांच्या सासऱ्यांपासूनची. आम्ही बाजारात त्यांच्याकडून केळी घ्यायचो, त्यातून ओळख झाली आणि हिवाळा सरला की त्यांच्या अंगणात सुकेळी करायला आठ-दहा दिवस रोज जाऊ लागलो. राजेळी केळी पिकवायची, सोलायची, बांबूच्या तट्ट्यांवर उन्हात घालायची, रोज उलटायची. आठ-दहा दिवसांत ती मधासारखी तपकिरी होतात, मग केळीच्या वाळल्या पानांत बांधायची. माझ्या शाळेपायी या वर्षीचे ते दिवस बुडत होते आणि मुली त्यासाठी मला मनातून शिव्या देत होत्या.

मी स्कूटर काढली. वाटेत मनात वाक्यं जुळवत होते. "मामा, निदान सांगून तरी जायचं." "मामा, मला किती काळजी वाटली असेल." वाडीत शिरले आणि सगळी वाक्यं विसरले. काकूंच्या अंगणात मामा पाटावर बसले होते. पँट घोट्याच्या वर दुमडलेली, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत. समोर सोललेल्या केळ्यांचा ढीग. आणि दोन्ही गाल फुगलेले.

मला बघून ते ताडकन उठले. हातातलं अर्धं सुकेळं त्यांनी खिशात टाकलं, पेनांच्या शेजारी. तोंड भरलेलं असल्यामुळे त्यांना बोलता येईना. वर्गात चोरून बोरं खाताना सापडलेला मुलगा जसा उभा राहतो, तसे ते उभे होते. मुली एकमेकींच्या मागे लपायला बघत होत्या.

काकू म्हणाल्या, "बसा हो, आधी पानी घ्या. तुमचे मामा चांगले हाताचे हायेत. पन खातात लय."

मी बसले. पाणी प्यायले. मामांनी घास गिळला आणि म्हणाले, "सूनबाई, चूक माझी आहे. मुलींना मीच फूस लावली."

"मामा, पण का?"

"का म्हणजे? त्यांचे चेहरे बघवेनात मला." ते पुन्हा पाटावर बसले. "पहिल्या दिवसापासून बघतोय. हुशार पोरी आहेत आणि तुम्ही त्यांना सकाळी आठपासून नागरिकशास्त्र वाचून दाखवता. रोज असंच करता? दोन वर्षं?"

"अहो मामा, रोज कुठलं! ते तुमच्यासाठी केलं होतं."

"माझ्यासाठी?"

"तुम्हाला शाळा दिसावी म्हणून."

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला आधी वाटलं ठसका लागला. पण ते हसत होते. काकूही हसायला लागल्या, मुलीही, आणि शेवटी मला काही इलाज उरला नाही.

हसून झाल्यावर थोरलीने तिची वही आणून त्यांच्या हातात दिली. गेल्या वर्षीची. ठरावीक दहा केळ्यांचं वजन तिने रोज लिहिलं होतं, सोलल्यापासून बांधेपर्यंत. खाली आलेख. पहिल्या तीन दिवसांत वजन भराभर उतरतं आणि मग हळूहळू, हे तिच्या लक्षात आलं होतं आणि ढगाळ दिवशी रेघ आडवी का झाली तेही तिने लिहिलं होतं. मामा बराच वेळ पानं उलटत होते.

"हे तुम्ही शिकवलंत?"

"नाही. हे तिने मला दाखवलं."

त्यांनी लाल पेन काढलं, टोपण उघडलं, आणि काही न लिहिता परत लावलं. "छत्तीस वर्षं," ते म्हणाले, "उशिरा येणाऱ्या मुलांना मी फाटकाबाहेर उभं केलं. फाटकाबाहेर काय असतं ते बघायला कधी गेलो नाही. आज आयुष्यात पहिल्यांदा शाळा बुडवली. बरं वाटतं हो."

त्यानंतरचे दहा दिवस आमच्या घरात कुणीच शिस्तीत वागलं नाही. मामांना सोपाऱ्याचा स्तूप दाखवला, वसईचा किल्ला दाखवला. अर्नाळ्याला किल्ल्यावर जाण्यासाठी होडीत बसायचं तर आधी गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. मामांनी बूट काढून धाकटीच्या हातात दिले. तिने ते अतिशय जबाबदारीने डोक्यावर धरले आणि लाट आली तेव्हा त्यातल्या एकालाच वाचवू शकली. मामा एका बुटावर साताऱ्याला जाणार होते, पण मी त्यांना बाजारातून चपला घेऊन दिल्या. त्या घालून ते गेले.

पुढच्या रविवारी सासूबाईंचा फोन आला. मी कुकरपासून लांब जाऊन उभी राहिले. त्या म्हणाल्या, "दादा सांगत होता, पोरी उत्तम आहेत, शाळाही उत्तम आहे. बाई मात्र तपासणीला कुणी आलं की बिथरतात, त्यांना जरा सांभाळून घ्या म्हणाला." मग म्हणाल्या, "मी येते आषाढात."

पण या वेळी मी काही उभं केलं नाही. आषाढात आम्ही दर वर्षी जवळच्या गास गावी एका ओळखीच्या कुटुंबाच्या शेतावर भातलावणीला जातो, तसंच गेलो. सासूबाई बांधावर बसतील, चिखलाला नाकं मुरडतील, असं मी मुलींना सांगून ठेवलं होतं. आम्ही तिघी रोपांच्या जुड्या घेऊन चिखलात उतरलो. पाच मिनिटं सासूबाईंनी बघितलं. मग त्यांनी चपला काढल्या, साडीचा ओचा खोचला आणि न विचारता खाली उतरल्या. त्यांचा हात असा चालायला लागला, की शेतमालकीणही थांबून बघायला लागली. तीन बोटांत रोप, एक दाब, पुढे. ओळ दोरी लावल्यासारखी. त्यांचं माहेर साताऱ्याच्या पश्चिमेला, डोंगरात, भाताच्या मुलखातलं. लग्नाला तेरा वर्षं झाली आणि मला हे ठाऊक नव्हतं.

"आई, हे कधी शिकलात?"

"दादाला शाळेत ठेवला आणि मला चौथीतून काढली," त्या खाली बघतच म्हणाल्या. "तेव्हापासून लावणीच. पावसात शाळेची घंटा ऐकू यायची शेतात. म्हणून तुझ्या पोरी घरी आहेत ऐकलं आणि माझा जीव गेला."

दोन वर्षं मी त्यांच्यापासून पळत होते आणि नवऱ्याजवळ त्यांच्या नकला करत होते. त्या रागावल्या आहेत असंच मी धरून चालले होते. त्या घाबरल्या होत्या.

"मला सांगायचंत ना, आई."

"तू सांगितलंस का मला काही?" त्यांनी विचारलं, आणि माझी वाकडी लावलेली दोन रोपं उपटून सरळ लावली.

धाकटी मधे घुसली. "आजी, चौथीत तुम्ही कुठपर्यंत आलेलात?"

"भागाकारापर्यंत. मोठा भागाकार राहिला."

"मी दाखवते," धाकटी म्हणाली आणि तिथेच चिखलात बोटाने आकडे काढायला लागली. पाणी येऊन ते पुसत होतं, ती पुन्हा काढत होती. सासूबाई वाकून बघत होत्या, हातातली जुडी तशीच. बांधावरून जेवायला हाका आल्या तरी दोघी हलेनात.