मान डावीकडे, घोट उजवीकडे

तेलंगणातल्या जैनथच्या आठवडी बाजारात भागाबाईला शोधावं लागत नसे. "सांभार घ्या, मेथी घ्या, काटेरी वांगं घ्या!" ही तिची हाक बस थांबते तिथवर पोचायची. सांभार म्हणजे तिकडची कोथिंबीर. घरीही ती मोठ्यानंच बोलायची, कारण नवरा, माणिकराव, ऐन चाळिशीत कानानं अधू झालेला. बाकी कुणाचं त्याला धड ऐकू यायचं नाही, भागाबाईचं मात्र यायचं. गावातली माणसं काही सांगायचं असलं की तिच्यामार्फतच सांगत.

पोळा दोन दिवसांवर आला होता. बैलांची शिंगं साळून टोकदार केली होती. भागाबाई वैरण टाकायला वाकली आणि नेमकी तेव्हाच गोमाशी चावली म्हणून बैलानं मान झटकली. शिंगाचं टोक तिच्या गळ्यात डाव्या बाजूला घुसलं. माणिकरावानं डोक्याचा रुमाल काढून जखमेवर दाबला, शेजारच्या लखननं ऑटो काढला आणि तासाभरात ती आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात होती.

ऑपरेशन झालं, जीव वाचला. शुद्ध आल्यावर तिनं नवऱ्याला हाक मारली. ओठ हलले, पण गळ्यातून नुसता वारा निघाला. माणिकराव वाकून वाकून कान पुढे करत होता. तिला वाटलं, मेले असते तर बरं झालं असतं, निदान ह्या माणसाला असं वाकावं लागलं नसतं.

डॉक्टरांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून पाहिलं. शिंगानं एक नस दुखावली होती. त्यामुळे आवाजाची डावी पट्टी हलत नव्हती आणि त्याच बाजूनं घासही नीट उतरत नव्हता. घोटभर पाणी दिलं तरी ठसका लागून जीव कासावीस होई. मग नाकातून नळी घातली. दूध, वरणाचं पाणी, सगळं नळीतून.

दवाखान्यात तेजस्विनी नावाची स्पीच थेरपिस्ट होती. बोलणं आणि गिळणं परत शिकवणं हेच तिचं काम. एका पेशंटशी तेलुगूत बोलायची, दुसऱ्याशी मराठीत. तिनं भागाबाईला जिभेचे, गळ्याचे व्यायाम दाखवले आणि बजावलं, "मावशी, मी सांगेपर्यंत तोंडानं थेंबही नाही."

घरी आल्यावर आठ दिवस भागाबाईनं पाळलं. नवव्या दिवशी जाऊबाई भेटायला आली. तिच्यासाठी चहा ठेवला, आल्याचा वास घरभर झाला. जाऊ हात धुवायला उठली तेवढ्यात भागाबाईनं बशी तोंडाला लावली. दोनच घोट. ठसका तर लागलाच, पण तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि छातीत घरघर सुरू झाली. पुन्हा दवाखाना.

तेजस्विनी आता झापणार म्हणून ती खाली मान घालून बसली. पण त्या पोरीनं स्टूल ओढलं आणि कागदावर दोन रस्ते काढले.

"हा पोटाकडे जातो, हा फुप्फुसाकडे. गिळताना इथलं दार लागतं, म्हणून घास चुकत नाही. तुमचं दार अर्धवट लागतंय, मावशी. चहा ह्या दुसऱ्या रस्त्यानं गेला."

माणिकरावाला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. पण त्यानं चित्र पाहिलं, बायकोच्या गळ्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

ताप उतरला आणि छाती मोकळी झाली, तेव्हा खरं शिक्षण सुरू झालं. ताठ बसायचं. अर्धा चमचा घट्ट पेज तोंडात घ्यायची. हनुवटी डाव्या खांद्याकडे वळवायची, म्हणजे दुखरी बाजू मिटते आणि घास चांगल्या, उजव्या बाजूनं उतरतो. श्वास धरायचा, जोर लावून गिळायचं, लगेच खोकायचं, पुन्हा एकदा गिळायचं. मगच पुढचा चमचा. वाटीभर पेजेला पाऊण तास लागे.

"लेकराले भरवल्यासारखं करून राह्यलो आपण," ती एकदा कुजबुजली. माणिकरावानं तिच्या ओठांवरून ओळखलं.

"मंग? लेकरू शिकतेच ना," तो म्हणाला.

ऐकू येत नसल्यानं त्याची नजर वर्षानुवर्षं माणसांच्या तोंडावर खिळायला शिकली होती. तीच आता कामी आली. तो समोर बसे. गिळताना गळ्याची घाटी, म्हणजे कंठमणी, वर गेली की बोट वर करी, गेली नाही की मान हलवी. तेजस्विनीनं एकदा हे पाहिलं आणि म्हणाली, "काका, माझ्यापेक्षा तुमचं लक्ष पक्कं आहे." ती काय म्हणाली ते भागाबाईनं खुणेनं सांगितलं, तेव्हा तो लाजला.

आवाज मात्र हटून बसला होता. रोज सकाळी लांब 'आऽऽ' म्हणायचं. दोन सेकंदांत वारा संपायचा. महिन्यानं निजामाबादला दिलेल्या लेकीला, मयूरीला, तिनं हिंमत करून फोन लावला.

"कोण बोलून राह्यलं?" मयूरीनं विचारलं. "हॅलो? कोण हाय?"

भागाबाईनं फोन खाटेवर टाकला आणि वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसली. चार दिवस तिनं व्यायाम केला नाही. पाचव्या दिवशी माणिकराव तिच्यासमोर बसला आणि स्वतःच 'आऽऽ' करू लागला. बहिऱ्या माणसाचा सूर तो, गोठ्यातली म्हैस दचकून उभी राहिली. भागाबाईला हसू फुटलं. त्या हसण्यात पहिल्यांदा खरा आवाज होता, चिरका, फाटका, पण आवाज.

"पुन्यांदा हास," तो म्हणाला. त्याला तो आवाज ऐकू आला नव्हता, चेहऱ्यावरून कळला होता.

दिवाळी उलटल्यावर डॉक्टरांनी परत दुर्बीण घातली. डावी पट्टी तशीच होती. पण उजवी आता मधली हद्द ओलांडून तिला जाऊन टेकत होती. नळी तर त्याआधीच निघाली होती. तेजस्विनीनं सांगितलं, आवाज पहिल्यासारखा होईलच असं नाही, पण बोलता येईल. भागाबाई म्हणाली, "तेवढ्यानं भागते माहं."

संक्रांतीनंतर ती बाजारात बसली. ज्वारीच्या कण्या आता ती वाटीभर खाई. कोरडी भाकर अजून अडायची, म्हणून दुपारच्या डब्यात ती भाजीच्या रश्श्यात कुस्करून आणलेली. डबा उघडायचा तर मान वळवून गिळताना लोक बघतील, याची तिला धास्ती होती. दोघातिघांनी पाहिलंही. तिनं प्रत्येक घास दोनदा गिळला आणि डबा रिकामा करूनच झाकण लावलं.

हाक मारणं जमत नव्हतं. तिनं वांग्यांचा ढीग रस्त्याकडे सरकवला, सांभाराच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांकडे सरळ पाहू लागली. माणसं थांबत होती. ऐकायला जवळ येत होती, आणि जवळ आलेलं गिऱ्हाईक सहसा तसंच परत जात नाही हे तिच्या ध्यानात आलं.

चंपत नावाचं जुनं गिऱ्हाईक आलं. मेथी निवडता निवडता तो थबकला. "काऊन वो भागाबाई, घसा बसला काय?"

"बसला होता," ती म्हणाली. "आता उठून राह्यला. किती जुड्या देऊ?"