बेचिराग गावातला दिवा

मी चौथी शिकलो, तीही पुरती नाही. पण तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये उभा जन्म काढला. हुद्दा दफ्तरी. जुने कागद बस्त्यात बांधायचे, मागितले की काढून द्यायचे, परत आले की बांधून ठेवायचे. बस्त्याला चिठ्ठी लावायची सरकारी रीत आहे, पण चिठ्ठी वाळवी खाते. म्हणून मी गाठीवरून ओळख ठेवली होती. नदी-तलावाकाठच्या गावांना जाळ्याची गाठ, आम्ही ढिवर लोक मारतो ती. जंगलाकडच्या गावांना बैलाच्या दाव्याची. अंधारात हात घातला तरी कोणत्या गावाचं दफ्तर आहे ते सांगत होतो. नवा साहेब आला की त्याला म्हणायचो, "साहेब, ह्या खोलीत एक कागद खोटा नाई." साहेब हसायचे. मी मात्र मान ताठ करून सांगायचो.

एक कागद खोटा होता. कोणता ते मला नोकरीला लागलो त्या दिवसापासून ठाऊक होतं.

रिटायर झालो, घरी बसलो. दोनेक वर्षांनी तहसिलीतून निरोप आला. सगळी जुनी दफ्तरं आता कॉम्प्युटरमध्ये जाणार होती. नागपूरहून एक जाडा माणूस यंत्र घेऊन आला होता, त्यानं माझ्या गाठी कैचीनं कापल्या होत्या आणि आता कोणता कागद कोणत्या गावाचा ते कोणालाच कळत नव्हतं.

"काकाजी, गाठीवर कोनी गावाचं नाव लिहीत असते का?" तो म्हणाला.

"गाठ सोडायची असते, बाबू. कैची न्हाव्याजवळ असते."

रोजीनं बसलो पुन्हा. मी कागद लावून द्यायचो, तो काचेवर पालथा घालायचा. झाकण पडलं की खालून एक उजेड सरकत जायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. हातात दिवा घेऊन कोणी कुडाच्या मागून चालत गेलं तर फटीतून जसं दिसतं, तसं. पहिल्या दिवशी मी दुसरीकडं पाहत होतो.

मग ती बाई आली. पुण्याकडच्या विद्यापीठात शिकवणारी, केस पिकायला लागलेले, पायात साध्या चपला. आमच्या भागातल्या रिठींवर ती पुस्तक लिहीत होती. रिठी म्हणजे उठून गेलेलं गाव. सरकारी कागदात तिला बेचिराग म्हणतात. ज्या गावात सांजेला एकही दिवा लागत नाही, ते. जंगल खात्याची आलापल्लीकडची जुनी दफ्तरं आधीच यंत्रात गेली होती, आता आमची चालली होती, आणि तिला दोन्ही एकाच पडद्यावर पाहायला मिळत होती. तीन दिवस राहणार होती.

पहिल्याच दिवशी दुपारी तिनं मला हाक मारली.

"काका, जरा इकडे या. हे वाचून दाखवू का तुम्हाला?"

"मले वाचता येते," मी म्हटलं.

पडद्यावर शेजारी शेजारी दोन कागद होते. डावीकडचा आमच्या खोलीतला. जाळ्याची गाठ होती त्या बस्त्यातला, पिवळा, खाली कोतवालाचा अंगठा. अमुक गाव तीन सांजा पाहिलं, दिवा दिसला नाही, सबब बेचिराग. उजवीकडचा मी जन्मात पाहिला नव्हता. जंगल खात्याच्या पहारेकऱ्याची, नाकेदाराची, डायरी होती ती. त्याच गावाचं नाव, दीड वर्षानंतरचं. सांजेला दिवा दिसला. एक बाई तलावातून पाणी नेताना पाहिली. कोतवालाला विचारलं. तो म्हणतो, तिथं बाई नाही, भूत आहे.

"दोन्ही सरकारी कागद," बाई म्हणाली. "दोघांतलं खोटं कोण बोलतंय?"

हे दोन कागद कधी एकमेकांसमोर येतील असं कोणाला वाटलं असेल? एक आमच्या फळीवर, एक चार नद्यांपलीकडं जंगलात. पन्नास वर्षं दोघं आपापल्या जागी गप्प होते.

मी म्हटलं, "नाकेदार मोहाची पिऊन असन. जंगलातले लोक, बाई. त्याईले काय काय दिसते."

तिनं मान हलवली आणि वहीत लिहिलं. मी उभाच होतो, तिचं अक्षर मला दिसत होतं. नाकेदाराची नोंद विश्वासार्ह नाही. बहुधा स्थानिक भूतकथा.

तो अंगठा माझ्या बापाचा होता.

आता सांगतो. आरमोरीच्या बाजूला एका मोठ्या तलावाच्या काठी आमचं जुनं गाव होतं. मासोळीवर आणि धानावर जगणारं. एका पावसाळ्यात हैजा आला, घरागणिक माणूस गेला. उरलेले उठून तलावाच्या दुसऱ्या काठाला जाऊन राहिले. नव्या जागेचे पट्टे पाहिजेत तर जुनं गाव बेचिराग झालं म्हणून लिहून द्यावं लागत होतं. एक चूल पेटती असली तरी नाही. पटवारी हैज्याच्या गावात पाय टाकायला तयार नव्हता. त्यानं बापाला सांगितलं, तू कोतवाल आहेस, तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, तीन सांजा उभा राहा, दिवा दिसतो का ते मला येऊन सांग.

एक चूल पेटती होती. माझ्या आत्याची, बापाच्या मोठ्या बहिणीची. तिची दोन लेकरं त्या पावसाळ्यात गेली, घरामागच्या मोहाखाली पुरलेली. ती म्हणाली, तुम्ही जा, मी ह्याईले टाकून येत नाई. बापानं हातापाया पडून पाहिलं. मग तिला म्हणाला, तीन सांजा दिवा लावू नको. एवढं कर. तिनं केलं. तीन सांजा ती अंधारात बसली, बाप पाळीवर उभा राहिला, आणि चौथ्या दिवशी पटवाऱ्याजवळ अंगठा देऊन आला. त्याच सांजेला तिनं दिवा लावला.

नवीन गावातून तो दिवा दिसायचा. आता हा कोणाचा? बाई राहते म्हटलं तर कागद खोटा पडतो, पट्टे जातात. बाप म्हणाला, भूत आहे. मोठ्या माणसांना खरं काय ते कळत होतं, पण त्यांचेही पट्टे होते. दोनचार वर्षांत तेही भूतच म्हणू लागले, आणि पुढं मला वाटतं त्यांना ते खरंच वाटू लागलं. मी सात-आठ वर्षांचा. बापासोबत एकदा भर दुपारी, सगळे धानाच्या रोवण्याला गेले असताना, तांदूळ घेऊन तिकडं गेलो होतो. तिनं माझ्या हातावर भाजलेली मासोळी ठेवली. म्हणाली, "काटा पाहून खाजो." परत आल्यावर पोरांनी विचारलं, रिठीवर काय पाहिलं रे? मी सांगितलं, भूत पाहिलं, त्याचे पाय उलटे होते.

पाय मीच उलटे केले. बापानं ते सांगितलं नव्हतं.

मग एका सांजेला दिवा लागला नाही. बाप पाळीवर जाऊन उभा राहिला. दुसऱ्या सांजेलाही. तिसऱ्याही. लोकांच्या समोरून कसा जाणार होता? चौथ्या दिवशी फावडं घेऊन गेला आणि उन्हं उतरायच्या आत परत आला. पाय धुतले, जेवला नाही. त्यावर तो मरेपर्यंत काही बोलला नाही. आम्हीही विचारलं नाही.

तर हे सगळं मनात घेऊन मी यंत्राजवळ बसलो होतो, आणि झाकणाखालून तो उजेड सरकत होता. दुसऱ्या दिवशी हात चालेना. धानाच्या गावाचा कागद मी जंगलातल्या गावात लावला. जाडा म्हणाला, "काकाजी, तब्येत बरी नाई का? तुमची चूक पहिल्यांदाच पाहून राह्यलो." मी त्याला काहीतरी टाकून बोललो. सांजेला घरी जाताना गावच्या तलावाजवळ पाय आपोआप थांबले. पलीकडचे दिवे मोजत उभा राहिलो. मोजून होईनात. प्रत्येक वेळी एक कमी येत होता.

घोर एकच होता. आधी बापानं तिला कागदावरून पुसलं. नाकेदार परका माणूस, त्यानं तिला पाहिलं तसं लिहून ठेवलं. आणि मी आदल्या दिवशी त्याला दारुडा ठरवून तिला दुसऱ्यांदा पुसलं. बाईचं पुस्तक छापून आलं की ती कायमची भूत.

तिसऱ्या दिवशी बाई पिशवी भरत होती. चारची बस. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"बाई, ते नाकेदाराचं काटा."

"काय खोडू?"

"तो पिलेला नव्हता. खोटा कागद आमचा आहे."

ती खाली बसली. मी सगळं सांगितलं, उभ्यानंच.  जाड्यानं यंत्र बंद केलं.

तिनं पिशवीतून वही पुन्हा बाहेर काढली. मग म्हणाली, "काका, तुमच्या वडिलांचा अंगठा आहे त्यावर. खोटं कोणी लिहून दिलं ते मला सांगावं लागेल. चालेल?"

 ज्या तहसिलीत बापानं मला हाताला धरून नोकरीला लावलं, त्याच तहसिलीत बसून मी त्याला खोटा म्हणत होतो.

"लिहा," मी म्हटलं. "पन हेही लिहा का तीन सांजा ती अंधारात बसली ते भावाच्या लोकाईसाठी. तिच्यावर कोनाची जबरदस्ती नव्हती."

"त्यांचं नाव काय होतं?"

 आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. बाप अक्का म्हणायचा. बाकीचे भूत म्हणायचे. सगळ्या खोलीची गावं मला गाठीवरून पाठ, आणि हे एक नाव मला माहीत नव्हतं.

"कोतवालाची बहीन, असं लिहा."

तिनं माझं बयान चांगल्या अक्षरात उतरवलं, मी सही केली. जाड्यानं यंत्र पुन्हा लावलं. "काकाजी, कोन्या गावात टाकू? ह्या रिठीत तर लोकसंख्या शून्य दाखवून राह्यलं."

"एक कर."

"जुना आकडा बदलता येत नाई. कागद जोडता येते फक्त."

"मंग जोड."

कागद पालथा पडला, खालून उजेड सरकत गेला. ह्या वेळी मी पाहत राहिलो, पार टोकाला जाईपर्यंत.

त्या सांजेला घरी पोचलो आणि लाइट गेली. ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या आमच्याच मुलखात आहेत, पण आमच्याकडं लाइट रोज जाते. बायको कंदील लावायला उठली.

"थांब थोडी," मी म्हटलं.

"काऊन? अंधारात काऊन बसून राह्यले?"

"थांब म्हटलं ना."

ती कुरकुरत बसली. मी दारातून बाहेर पाहत होतो. आभाळात अजून थोडा उजेड होता, आणि समोरच्या रस्त्यानं शेजारी येत होता. त्याला आम्ही दिसत नव्हतो. तो आम्हाला स्पष्ट दिसत होता, डोक्याच्या फडक्यापासून पायापर्यंत. अंधारात बसलेल्याला बाहेर उभा असलेला दिसतो, एवढी साधी गोष्ट. ह्या वयात कळली.

तीन सांजा तिनं माझ्या बापाला पाळीवर उभा असलेलं पाहिलं असेल.

मग मी बायकोला म्हटलं, लाव आता.