केळीच्या सोपटांवरून आलेली चक्की

जड वस्तू हलवायची असली की काशीआत्या आधी तिच्यावर तळहात ठेवून गप्प उभी राहायची, गाभण म्हशीच्या पोटावर ठेवावा तसा. मग म्हणायची, "बसलेल्याला हलवायलाच जोर लागतो रे. हललं का मग थांबू नको." मी बी.एस्सी.ला दुसऱ्यांदा नापास झालो, तेव्हा तिनं तो हात माझ्या डोक्यावर ठेवला होता.

मुरबाडकडच्या तिच्या सासरी नवरा वारला आणि दिरानं तिला चुलीपाशी बसवलं. वर्षभर बसली. मग पाटल्या मोडून जुनी पिठाची चक्की घेतली. गोठ्याशेजारची खोली तिच्या वाटणीची, पण दिरानं सांगून ठेवलं, उद्या दुपारपर्यंत चक्की आत गेली तर गेली, नाहीतर तिथे म्हशी बांधीन. टेम्पोवाला चक्की पडवीत उतरवून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच गड्यांनी जोर लावला. चक्की ढिम्म. तेव्हा तिच्या मदतीला आलेला मी पुढे झालो. घर्षणाच्या धड्यावर नापास झालेल्या माणसाला घर्षणावर बोलायची फार हौस असते. वस्तू सुटण्याआधीचं घर्षण सुटल्यानंतरच्यापेक्षा जास्त, असं मी सगळ्यांना समजावलं आणि घरातलं होतं नव्हतं ते गोडं तेल फरशीवर ओतलं. चक्कीखाली ते गेलंच नाही. आमच्या पायांखाली मात्र आलं. जोर लावताच चक्की जागेवर आणि आम्ही सहाजण आडवे. दीर ओट्यावर बसून पोट धरून हसत होता.

आत्या हसली नाही. "सरकायचं यंतरानं ना? मग तुमी कशाला सरकता?"

तिनं चुलीतली राख आणून आमच्या पायांखाली पसरली. परसातली केळ तोडली, खोडाची सोपटं सोलून बुळबुळीत बाजू वर करून चक्कीपुढे अंथरली. पहारीनं कोपरा उचलून पहिलं सोपट खाली सारलं, आणि म्हणाली, "आता एकदम. नि हललं का बिडीला थांबायचं नाय."

चक्की करकरली, सुटली आणि थेट आतल्या भिंतीला जाऊन टेकली. दुपारी आलेल्या म्हशींना माघारी वळवावं लागलं.

पुढे मरेपर्यंत आत्या त्या चक्कीवर जगली. दिराच्या घरचं दळणही रांगेतच लागायचं.

ती गेल्यावर दिराच्या पोरांनी चक्की भंगारात काढली. चार माणसं दुपारभर ढकलत होती. परसात केळी होत्या, चुलीत राख होती. शेवटी एकजण माझ्याकडे आला. "काका, काय युक्ती हाय का?"

मी चक्कीवर तळहात ठेवून बराच वेळ उभा राहिलो.

"नाय रे बाबा," म्हटलं. "या विषयात मी नापास हाय."