लशीचं पथ्य

मी देवळीच्या शाळेत विज्ञान शिकवते. लस शरीरात काय करते, हे फळ्यावर आकृती काढून समजावते. तरी चाळिशीला आल्यावर स्वतः एचपीव्ही या विषाणूवरची लस घेतली, तेव्हा पथ्य मात्र शेजारच्या काकूंना विचारलं. एवढा माझा शहाणपणा.

आमच्याच शाळेतल्या एक बाई या विषाणूने होणाऱ्या गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाने गेल्या आणि मी घाबरले. वर्ध्याला डॉक्टरीणबाईंना भेटून तीनपैकी पहिला डोस घेतला. खोलीत ओळखीची एक पालक बसली होती, म्हणून जे विचारायचं होतं ते विचारलंच नाही, त्या कर्करोगाची तपासणीही पुढे ढकलली.

काकूंनी घरी येऊन फर्मान काढलं, "आंबट नोको, वांगं नोको. अन् त्या जागेच्या रोगाची सुई हाय न, मंग सहा महिने नवऱ्याजवळ जाऊ नोको. सुई उलटते."

मी अंथरूण सासूबाईंच्या खोलीत नेलं. नवऱ्याला म्हटलं, "दंड दुखून राह्यला." दंड दोन दिवसांत बरा झाला, मी तिथेच राहिले. खरं कारण सांगायची लाज वाटली. पंधरा वर्षांच्या संसारात हा विषय आम्ही कधी तोंडाने बोललोच नव्हतो.

तो गप्प गप्प राहू लागला. जेवताना आईशी बोले, माझ्याशी फक्त मीठ-पोळीपुरतं. मला राग येई. बायकोच्या तब्येतीसाठी एवढी कळ काढता येत नाही का?

दोन महिन्यांनी दुसऱ्या डोसला तो दुकान बंद ठेवून सोबत आला आणि बाहेर बाकावर बसला. या वेळी आत मी एकटीच होते. टेबलाकडे बघत विचारलं, "अजून चार महिने दूरच राहायचं ना?"

डॉक्टरीणबाईंना आधी कळेचना. मग त्या मोकळ्या हसल्या. "कोणी सांगितलं? लशीमुळे नवराबायकोने दूर राहायचं काही कारण नाही. डोस पूर्ण होईपर्यंत दिवस राहू देऊ नका, एवढंच. आणि लस घेतली म्हणून तपासणी सुटत नाही. आज करूनच जा. संबंधानंतर कधी रक्त गेलं, तर लाजत बसू नका, लगेच या."

मी म्हटलं, "हेच यांनाही सांगा."

तो आत आला, मान खाली घालून सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "मॅडम, हा विषाणू नवऱ्याकडूनच येते न?"

"कोणाकडूनही, कधीही आलेला असू शकतो. वर्षानुवर्षं कळतही नाही. त्यावरून कोणी वाईट ठरत नाही. आणि यांना संसर्ग झालाय असं म्हटलं कोणी? लस तर तो होऊ नये म्हणून आहे."

तपासणी करून निघालो. जिन्यात तो थांबला.

"मोबाईलवर वाचलं होतं, संबंधातून होते म्हणून. मले वाटलं, तुले माह्यावर संशय आला. म्हणून तू खोली बदलली."

"मंग विचारलं काऊन नाई तुम्ही?"

"तू हो म्हणली असती तं?"

दोन महिने हा माणूस ती भीती घेऊन माझ्यासमोर जेवत होता आणि मी त्याला उतावळा समजत होते. मला हसू आलं, रडूही आलं. येणारे-जाणारे बघत असताना मी त्याचा हात धरला. आठवड्याने तपासणीचा निकालही चांगला आला, पण माझा जीव भांड्यात पडला तो त्या जिन्यातच.