निखाऱ्यावर शेकलेले हात
विझत आलेल्या निखाऱ्यांचा वास आला, की मला मोखाड्याजवळच्या एका पाड्यावरची थंडीतली सकाळ आठवते. मी तेव्हा नवीन डॉक्टर होते आणि अंगणवाडीत बाळं तपासायला गेले होते. पाच महिन्यांच्या एका मुलाला चाचपून मी सांगितलं, "याचे दोन्ही वृषण खाली उतरलेले नाहीत, ऑपरेशन करावं लागेल." आईने घाबरून सासूकडे पाहिलं. म्हातारीने माझी बोटं धरून बघितली. "बाय, तुझे हात बर्फावानी हायेत. अशा हातानं पोर अंग चोरते. आधी शेकून घे." मला थोडा रागच आला; खरं तर थंड हात लागला की वृषण वर ओढले जातात, हे पुस्तकात वाचूनही मी विसरले होते. तिने मला अंगणातल्या शेकोटीपाशी बसवलं आणि हात चांगले ऊबदार झाल्यावरच बाळ माझ्या मांडीवर दिलं. या वेळी डावा वृषण अलगद हाताला लागला; उजवी बाजू मात्र रिकामीच होती. "डावी गोळी रोज आंघोळीच्या ऊन पाण्यात दिसते. उजवी मी कधी नाय पाहिली," ती म्हणाली. पहिल्या दिवसापासून तीच त्याला न्हाऊ घालत होती, आणि मी तिला काहीच विचारलं नव्हतं. वीटभट्टीवर गेलेल्या आपल्या मुलाला, म्हणजे बाळाच्या बापाला, निरोप धाडून तिनेच उजव्या बाजूच्या ऑपरेशनला होकार दिला. आता शहरातल्या दवाखान्यात बाळाला हात लावण्याआधी मी तळवे चोळते आणि विचारते, "याला आंघोळ कोण घालतं?" तेव्हा बहुतेक वेळा सगळ्यांच्या मागे उभी असलेली बाई पुढे येते.