भावसिंग सरांची तिरपी दोरी

होळीची सुट्टी होती. घरच्या शेतातली मिरची घेऊन मी नंदुरबारच्या बाजारात गेलो होतो. ठसक्याने डोळ्यांतून पाणी येत होतं आणि खिशातला मोबाइल सारखा वाजत होता. शिक्षकांच्या ग्रुपवर भावसिंग सरांचा फोटो होता, खाली जोडलेल्या हातांची रांग. त्यांचं गाव काठी गावाच्या पलीकडे, डोंगरात. होळीला गेले होते. सकाळी अंगणात बसल्या बसल्या छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. वय जेमतेम बेचाळीस. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. आता आरोहीला हे कसं सांगायचं, असं आधी वाटलं... आणि लगेच दुसरा विचार आला, मी गेलो तर ही पोरगी एवढी रडेल का?

आरोही माझी मुलगी. मास्तरांनीच आपली पोरं इंग्लिश मीडियमला घालायची, हे मला कधी पटलं नाही, म्हणून तिला मी आमच्याच शाळेत घातलं. धानोऱ्याजवळचं आमचं गाव, तिथली ही लहानशी शाळा. चौथी-पाचवी माझ्याकडे, पहिली ते तिसरी भावसिंग सरांकडे. म्हणजे मुलगी मी माझ्या हाताने त्यांच्या स्वाधीन केली. पहिल्या महिन्यापासून घरात जेवताना एकच पालुपद सुरू झालं, ‘सर असं म्हणतस, सर तसं म्हणतस.’ मीही सरच होतो, बावीस वर्षांची नोकरी झालेला. पण घरात सर म्हटलं की ते दुसरेच.

मोजमाप शिकवायची त्यांची तऱ्हा और होती. मी फळ्यावर पट्टीने रेघ मारायचो, सेंटिमीटर सांगायचो, पोरं वहीत उतरवायची, विषय संपला. हा गृहस्थ पोरांना वऱ्हांडा वितींनी मोजायला सांगायचा. कुणाच्या बेचाळीस विती यायच्या, कुणाच्या पन्नास. मग जी भांडणं जुंपायची! ‘तुन्हा हात धाकला शे’, ‘तू लबाडी करस.’ भावसिंग सर खांबाला टेकून ऐकत राहायचे, चेहऱ्यावर हसू. दोन-तीन दिवस भांडून झाल्यावर पोरंच म्हणायची, सर, सगळ्यांनी एकाच काठीने मोजू. तेव्हा कुठे त्यांच्या कपाटातून मीटरपट्टी बाहेर निघायची. मी एकदा म्हटलंही, ‘अहो सर, पहिल्याच दिवशी पट्टी दिली तर तीन दिवस वाचतील.’ ते म्हणाले, ‘खरं आहे पाटील सर. पण तुमच्या वर्गात कशी शांतता असते, तशी मला नाही हो जमत.’ अगदी मनापासून म्हणाले. टोमणा असता तर मी परतवला असता.

तिसरीच्या पोरांना ते चौरस शिकवायचे तो मैदानावर. चार सारख्या लांबीचे बांबू जमिनीवर मांडायचे, टोकं सुतळीने बांधायची. चारही बाजू सारख्या, म्हणजे झाला चौरस, असं पोरं ओरडायची. मग ते पायाने एक कोपरा हळूच ढकलायचे. आकृती कलायची. बाजू तेवढ्याच, पण चौरस गेला कुठे? मग दोरी यायची. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी धरायची, मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांत. दोन्हीकडे दोरी सारखी भरेपर्यंत पोरं बांबू सरकवत बसायची. कर्ण हा शब्द त्या वयात त्यांना ठाऊक नव्हता, पण कर्ण सारखे आल्याशिवाय कोपरा सरळ होत नाही, हे ठाऊक झालं होतं. त्यांचे वडील डोंगरात कुडाची घरं बांधायचे आणि दोरीचं दुसरं टोक लहानपणी यांच्या हातात असायचं. डी.एड.ला पहिला आलेला मी, आणि मला हे कधी सुचलं नव्हतं... मी खिडकीतून बघायचो आणि आपल्या वर्गाला उगाच पाढे म्हणायला लावायचो.

आरोही तिसरीत गेली त्याच वर्षी मी गावात घर बांधायला काढलं. मिस्त्रीने जमिनीवर चुन्याची फक्की टाकून पाया आखला. आरोही तिथे उभी होती. ती म्हणाली, ‘पप्पा, दोरी तिरपी धरीसन पाहा ना.’

मिस्त्री हसला. खरं तर दोरी धरायला दोन मिनिटं लागली असती. पण ते बोलणं कुणाचं होतं ते मला कळत होतं, आणि डोकं फिरलं. म्हटलं, ‘घर बांधनं शे, तुन्हा सरनं मैदान नही. जाय घरमा.’ ती वळून घराकडे गेली.

फरशी बसवायची वेळ आली तेव्हा पुढच्या खोलीत शेवटची ओळ दाराशी पुरी आली आणि खिडकीपाशी अर्ध्यावर. कारागीर म्हणाला, ‘सर, भीत कलेल शे.’ भिंत वाकडी गेली हे दिसतच होतं. मी त्याला चूप बसवलं आणि त्या ओळीवर दिवाण ठेवून दिला. तीन वर्षं तो तिथून हलला नाही.

वास्तुशांतीला भावसिंग सर आले होते. खोलीत शिरताच त्यांची नजर फरशीवरून सरळ दिवाणाखाली गेली. मी पाहिलं. आरोहीही माझ्याकडे बघत होती. आता हा माणूस पाहुण्यांदेखत बोलणार. ते म्हणाले, ‘खिडकी चांगल्या जागी घेतली सर, वारा छान येतो.’ मग आरोहीचा हात धरून ‘चल, तुझी गच्ची दाखव’ म्हणत वर गेले. मला हायसं वाटायला हवं होतं. मी मात्र आणखी जळलो. चूक काढली असती तर निदान त्यांच्यावर रागावता आलं असतं. पुढे चौथीत आरोही माझ्या वर्गात आली, तेव्हाही गणित सोडवून झालं की ती खिडकीतून त्यांच्या वर्गाकडे बघत बसायची. मी तिला दोनदा जागा बदलून दिली.

बातमी मीच तिला सांगितली. ती खूप रडली, पण माझ्याजवळ नाही, आईजवळ. मी भेटायला डोंगरात त्यांच्या घरी जाऊन आलो. परतल्यावर चार दिवस चैन पडेना. एका रविवारी मी दिवाण ओढून बाजूला केला, टेप काढला आणि खोलीचे दोन्ही कर्ण मोजायला बसलो. एकट्याने टेप धरता येईना. आरोही आली, दुसरं टोक धरून कोपऱ्यात बसली. दोन कर्णांत पाच इंचांचा फरक निघाला.

‘तुन्ही गोट खरी व्हती,’ मी म्हटलं. ‘खोली वाकडी शे.’

‘माले माहीत शे,’ ती म्हणाली. ‘सरनी पन पाहं व्हतं, त्या दिवशी.’

‘मंग माले काबर नही सांगं?’

‘मी सांगनार व्हती. गच्चीवर सर म्हनेत, पप्पाले सांगू नको. पप्पा सोताच मोजतीन.’

मी टेप गुंडाळला. माणूस गेला त्याचं दुःख तर होतंच, आता उशिरा का होईना ते पुरतं जाणवत होतं. पण खोटं कशाला बोलू... तीन वर्षं माझ्या मुलीने त्यांचा शब्द पाळला, आणि तीन वर्षं त्यांनी माझी वाट पाहिली, या दोन्ही गोष्टींचा मला त्या रविवारीही हेवाच वाटला.